मिस्त्रींची मूठ

मिस्त्रींनी पहिल्यांदा माझा हात हातात घेतला तेव्हा मला वाटलं, हा माणूस आता माझं भविष्य सांगणार. त्यांनी पंजा धरला, चांगला आवळला, क्षणभर तसाच ठेवला. मग सोडून देऊन स्वतःच्याच तळव्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाले, "कोरडा हाय." एवढं बोलून ते चालू पडले. फौंड्रीत हजेरी क्लार्क म्हणून मला रुजू होऊन जेमतेम अर्धा तास झाला होता, आणि माझ्याबद्दलचा पहिला अभिप्राय हा असा मिळाला.

आमची फौंड्री कोल्हापूरजवळ, उचगावच्या अलीकडे. साठेक माणसं कामाला. मिस्त्री तिथले सगळ्यात जुने मोल्डर, म्हणजे वाळूचा साचा करणारे. त्या साच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. वाळूत ओल कमी पडली तर साचा ढासळतो आणि जास्त झाली तर आत वाफ कोंडून मालाला भोकं पडतात. ही ओल मोजायला लॅबमध्ये एक यंत्र होतं, आकडे दाखवणारं. मिस्त्री त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसत. मूठभर वाळू घ्यायची, आवळायची, मूठ उघडायची, बोटांचे ठसे उमटलेला गोळा मधोमध मोडायचा आणि मोडलेली कड बघायची. कोरडी असली तर "कोरडी" म्हणायचे, ओली असली तर "ओली." बरोबर असली तर मात्र एक अक्षर नाही, घमेलं उचलून थेट साच्याकडे. नव्या माणसाला हे कळायला महिनाभर लागायचा. मिस्त्री गप्प राहिले म्हणजे जमलं, असा तिथला हिशेब होता.

हीच परीक्षा ते सगळ्या जगाची घेत. मंडईत वांगं घेताना घेत आणि घरी परातीतल्या कणकेचीही घेत. चाची, म्हणजे त्यांच्या बायको, मला एकदा म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाली, माझ्या चपातीला चांगली म्हणालं न्हाईत. आता मीच समजून घेतीया." थोरल्या मुलीच्या लग्नात त्यांनी जावयाचा हात इतका वेळ धरून ठेवला, की वरपक्षाला वाटलं, ही यांच्याकडची काही रीत असावी. जावयाच्या भावांनीही मग एकेक करून हात पुढे केले. मिस्त्रींनी सगळ्यांचे दाबून बघितले. धाकट्या भावाला "ओला" म्हणाले आणि तो पुढे खरंच प्रत्येक समारंभात रडायला लागला.

माणूस आणि वाळू यांच्यात फार फरक नाही, वाळू तेवढी खोटं बोलत नाही, असं त्यांचं मत होतं. आणखी एक खोड म्हणजे ते सगळ्यांना पावणं म्हणत. कोल्हापुरात अनोळखी माणसाला पावणं म्हणायची पद्धत आहे, पण मिस्त्री वीस वर्षं शेजारी उभं राहून काम करणाऱ्यालाही पावणंच म्हणायचे. मी कारण विचारलं तर म्हणाले, "पावण्यावर राग धरता येत न्हाई. सोय हाय ती."

त्यांचं शिक्षण सातवीपर्यंतचं. पण जेवणाच्या पिशवीत डब्याच्या खाली कामगार कायद्याचं एक मराठी पुस्तक कायम असायचं, शाळेतल्यासारखं खाकी कव्हर घातलेलं. जेवणाच्या सुट्टीत ते त्यातली कलमं मोठ्यानं वाचायचे, आणि तीही फुटबॉलच्या मॅचची कॉमेंटरी करावी तशी. कोल्हापुरात तालमींचे संघ खेळतात त्या फुटबॉलचं त्यांना अतोनात वेड. "कामगारानं अर्ज भरलाय. अर्ज घिऊन कामगार निगालाय. कचेरीच्या दारात पोचलाय. मालक आडवा आलाय. पर पावणं, मालकाला आडवं येता येत न्हाई. फाऊल हाय त्यो, फाऊल." सगळी शेड भाकरी हातात धरून ऐकायची.

मालकांनी जेवणाच्या वेळेत मोठ्यानं वाचायला बंदी घालणारी नोटीस काढली. ती मीच टाईप केली. मिस्त्रींनी नोटीस वाचली, मान डोलावली आणि पुस्तक पाठ केलं. मग वाळू ठोकता ठोकता, ठोक्याच्या तालावर कलमं म्हणायला लागले. कामाच्या वेळेत गुणगुणू नये अशी काही नोटीस नव्हती. दोन महिन्यांत निम्म्या शेडला कायदा पाठ झाला. सुपरवायझर स्वतः एकदा स्कूटर पुसताना "सात किंवा अधिक कामगारांनी" असं गुणगुणताना सापडला.

सात माणसांच्या सह्या झाल्या की युनियनच्या नोंदणीचा अर्ज करता येतो, हे कलम मिस्त्रींचं सगळ्यात लाडकं. त्या सात माणसांच्या शोधात ते रोज हात दाबत फिरत होते.

युनियन त्यांना कशासाठी हवी होती, ते मला महादेवच्या वेळी कळलं. महादेव गगनबावड्याकडचा, भट्टीवर कामाला. एक दिवस लोखंड ओतताना रस उडाला आणि त्याच्या साध्या बुटात गेला. पाय घोट्यापर्यंत भाजला. तो घरी बसला आणि मी हजेरीपटात त्याच्या नावापुढे रोज 'गै' लिहीत गेलो. गै म्हणजे गैरहजर. आठवड्यानं मिस्त्री माझ्या खिडकीशी आले.

"पावणं, महादेवच्या पुढं ह्ये काय लिवलंयसा?"

"गैरहजर."

"कुटं गेलाय त्यो? फिराय?"

"नाही, पाय भाजलाय ना त्याचा."

"कुटं भाजला?"

"इथंच की."

"मग त्यो गैरहजर कसा? त्याचा निम्मा पाय हितं भट्टीपाशी पडलाय."

मी म्हटलं, "मिस्त्री, हजेरीपटात दोनच गोष्टी लिहिता येतात. हजर, नाहीतर गैरहजर. तिसरा रकानाच नाही." त्यांनी खिडकीतून हात आत घातला, माझा हात दाबला आणि म्हणाले, "कोरडा." त्या दिवशी मात्र मला राग आला. रकाने काय मी आखले होते? पण दुसऱ्या दिवशी महादेवपुढे 'गै' लिहिताना पेन जरा अडखळलं, हेही खरं.

आमचे मालक वाईट माणूस नव्हते. हे मी आजही म्हणतो आणि मिस्त्री तर तेव्हाही म्हणायचे. थोरले मालक वारल्यावर धंदा त्यांच्या अंगावर पडला होता आणि युनियन आली की कारखान्याला कुलूप लागतं, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. बंद पडलेल्या कारखान्यांची नावं ते जपमाळ ओढल्यासारखी म्हणून दाखवत. युनियनचा वास आला की दोघा मित्रांच्या पाळ्या वेगळ्या करत. चहाच्या जागेवर कॅमेरा बसवला. एकाला तर समजावून सांगायला कागलहून त्याच्या सासऱ्याला बोलावून घेतलं. सासरे दोन दिवस राहिले, समजावलं काहीच नाही, मिस्त्रींची कॉमेंटरी ऐकून खूश होऊन गेले.

मग मालक पुण्याला कसल्याशा शिबिराला जाऊन आले आणि येताना एक शब्द घेऊन आले. गेटवर नवा फलक लागला, 'आपण एक कुटुंब.' शनिवारी स्नेहमेळावा ठेवला. तांबडा-पांढरा रस्सा, मटण, शेवटी भाषण. मालक म्हणाले, "आपण सगळी एका कुटुंबातली माणसं. कुटुंबात युनियन असते का कुठं? काही अडचण असली तर थेट माझ्याकडे या. माझ्या घराचं दार तुमच्यासाठी कायम उघडं आहे." टाळ्या पडल्या. रस्सा उत्तम झाला होता. मिस्त्री वाटी हातात धरून बराच वेळ विचार करत बसले. मग मला म्हणाले, "पावणं, तुमी मालकाचं घर बघितलंयसा न्हवं? उद्या मला गाडीवरनं न्या."

मला वाटलं, काही अर्जबिर्ज द्यायचा असेल. रविवारी बाराच्या सुमारास मिस्त्री इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, हातात डझनभर केळी घेऊन उभे. बंगल्याची बेल वाजवली. मालकांनीच दार उघडलं, अंगात बनियन.

"काय मिस्त्री? काय झालं?"

"काय न्हाई. आलो घरी."

"काम काय होतं?"

"काम कशाला पाहिजे? आपल्याच घरात काम काढून येत्यात व्हय?"

मालक दारातून बाजूला झाले, दुसरं करणार काय? मी त्यांच्याकडे बघायचं टाळत मागोमाग आत गेलो. मला त्या वेळी जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. एवढ्यात आतून मालकांच्या आई आल्या. त्या कागलकडच्या शेतकरी घरातल्या, आवाज सगळ्या बंगल्याला पुरेल असा. "आगं बया, मिस्त्री? किती वरसांनी." मिस्त्री उठून म्हणाले, "व्हय वैनी. थोरलं गेल्यावर येनं झालं न्हाई."

तेव्हा मला कळलं, की फौंड्री म्हणजे नुसती एक पत्र्याची शेड होती तेव्हा मिस्त्री तिथल्या पहिल्या चार कामगारांतले एक होते, आणि त्या चौघांच्या भाकरी याच बाई थापायच्या. थोरल्या मालकांनी कुटुंब हा शब्द कधी उच्चारला नव्हता. जेवायच्या वेळी पाट मांडायचे, एवढंच. वैनींनी आम्हाला बसवलं आणि स्वतः वाढायला घेतलं. मिस्त्री शांतपणे जेवत होते. अर्ध्या जेवणात त्यांनी विचारलं, "वैनी, घरातल्या मानसाचा पाय भाजला तर काय करतासा?"

"काय म्हंजे? दवाखान्यात न्यायाचं. घरी बसवायाचं. बरा हुस्तवर भाकरी हातात द्यायाची."

"आनि त्यो गैरहजर हाय असं लिवून ठेवतासा का?"

"कुटं लिवायाचं? खुळं का काय तुमी, मिस्त्री." त्या हसल्या आणि त्यांना आणखी रस्सा वाढला. मालक भाताच्या ढिगाला मधोमध खड्डा करत बसले. मी माझ्या ताटाकडे बघत होतो. तो 'गै' माझ्या अक्षरातला होता.

निघताना मिस्त्रींनी चपला घालता घालता सांगितलं, "वैनी, पुढच्या रविवारी बाकीचे येत्यात. त्यास्नी बी घर बघायचं हाय."

पुढच्या रविवारी दोघंजण बायकापोरांसह गेले. त्याच्या पुढच्या रविवारी अकरा माणसं, एक टेम्पो आणि घागरीएवढे दोन फणस. वैनी खूश. मालकीणबाई माहेरी गेल्या. सोमवारी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून नोटीस सांगितली, कामगारांनी परवानगीशिवाय मालकांच्या निवासस्थानी येऊ नये. मी टाईप केली आणि चिकटवली. दुपारी गेटवरचा कुटुंबाचा फलकही उतरला. मिस्त्रींनी नोटीस दोनदा वाचली. त्यांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं, पण चेहरा चांगला उजळला होता. "कुटुंब न्हाई म्हनायचं. बरं झालं, येकदा कळलं. आता रीतसर कागद करू."

त्याच आठवड्यात मालकांनी मला पुन्हा बोलावलं. टेबलावर एक टाईप केलेला कागद होता. मला कायम केल्याचा हुकूम, सही तेवढी व्हायची होती. मी दोन वर्षं सहा-सहा महिन्यांच्या नेमणुकीवर काढली होती. घरात मी एकटाच मिळवता. मालक माझ्याशी फार गोड आवाजात बोलले.

"अर्जाला सात माणसं लागतात. सहा मला कळलीत. सातवा कोण, ते कळत नाही. त्याच्याशी मी एकदा बोललो की अर्जच होत नाही. तुझी खिडकी सगळ्यांच्या वाटेवर. शुक्रवारपर्यंत नाव आण आणि हा कागद घेऊन जा."

मी विचार करतो म्हणालो. खरं सांगायचं तर मी विचार केलाही. तो कागद घरी आईला दाखवायचा, पेढे आणायचे, इथपर्यंत मनात जाऊन आलो. गुरुवारी मी शेडमध्ये गेलो. मिस्त्री वाळूच्या ढिगापाशी उकिडवे बसले होते. मी त्यांना सगळं सांगून टाकलं, हुकमाचा कागद, शुक्रवार, सगळं. आणि शेवटी विचारलं, "मिस्त्री, हा सातवा आहे तरी कोण?"

ते इतके हसले की हातातला गोळा फुटला. "अवो पावणं, त्योच तर मी दोन वरसं झाली रोज दाबून बघतोय की."

मला आधी काही कळलंच नाही. कळलं तेव्हा मी तिथंच वाळूवर बसलो. मला भीती वाटली. आणि त्या भीतीच्या तळाशी इतका आनंद झाला, की त्याचं काय करावं ते समजेना. वर्गात कायम मागे बसणाऱ्याला कुणीतरी टीममध्ये घ्यावं, तसं काहीसं.

शुक्रवारी सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी मी शेडमध्ये गेलो आणि पहिल्यांदाच आपण होऊन हात पुढे केला. साच्याच्या उपड्या पेटीवर अर्ज ठेवलेला होता. महादेव लंगडत येऊन शेजारी उभा राहिला. मिस्त्रींनी माझा हात दाबला, तळवा बघितला. ते आज गप्प राहतील, अशी माझी खात्री होती.

"अजून जरा कोरडाच हाय," ते म्हणाले. "पर भट्टी तापलीया. आता थांबता येत न्हाई. करा सही."

दहा वाजता मालकांनी विचारलं, "सापडला का सातवा?"

"सापडला, साहेब."

"कोण?"

मी रात्रभर एक भाषण पाठ केलं होतं, कलमांसकट. त्यातलं "मी" एवढंच तोंडातून निघालं.

रागापेक्षा मालकांना आश्चर्यच जास्त वाटलं असावं. "तू? तू तर नोटिसा टाईप करणारा." मग त्यांनी तो हुकूम खणात ठेवला आणि मला गेटजवळच्या वजनकाट्यावर पाठवलं. तिथं पत्र्याची टपरी, ऊन आणि भंगाराचे ट्रक. मला ती शिक्षा होती. पण येणारा-जाणारा प्रत्येक माणूस टपरीत डोकं घालून "काय पावणं, जेवलासा का?" विचारायचा. मी तिथं दोन किलोनं वाढलो, आणि वजनकाटा हाताशी असल्यामुळे हे खात्रीनं सांगू शकतो.

युनियनची नोंदणी झाली. गेटबाहेर फलक लावायचा दिवस ठरला. फुलांचे हार आले, हलगी आली. तेवढ्यात मालकांची गाडी येऊन थांबली आणि मागच्या दारातून वैनी उतरल्या, हातात डझनभर केळी. गाडी मालकच चालवत होते, कारण त्यांचा ड्रायव्हर युनियनचा सभासद होऊन आमच्याबरोबर हलगीपाशी उभा होता. "माझ्या घरी जेवून गेलेली मानसं," वैनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "त्यांच्या कार्याला यायचं न्हाई व्हय?" त्यांनी नारळ फोडला. मालक गाडीपाशी किल्ली फिरवत उभे होते. मिस्त्री चालत त्यांच्याकडे गेले आणि हात पुढे केला. हलगी थांबली. मालकांनी हात दिला. मिस्त्रींनी तो दाबला, बराच वेळ धरून ठेवला. शेवटी मालकांनाच राहवेना.

"काय मिस्त्री? कोरडा?"

"कोरडा हाय," मिस्त्री म्हणाले. "पर वाळू वैनींच्या घरची हाय. मंगळवारी अकराला बैठक धरलीया, तवा या. पानी आमी मारतो."

मालक हसले. बेत नसताना हसू आलं की माणूस जसा दिसतो, तसे दिसले. मंगळवारी अकराला पाच कमी असताना त्यांची गाडी माझ्या टपरीसमोरून आत गेली.

ती बैठक आणि त्यानंतरच्या बऱ्याच बैठका काही सोप्या नव्हत्या. मालक दोनदा उठून गेले, मिस्त्रींनी दोनदा कॉमेंटरी केली. पण भट्टीवरच्यांना चामड्याचे उंच बूट आले, मला माझी खिडकी परत मिळाली, आणि करारात एक ओळ आली, की कामावर जखमी झालेला माणूस गैरहजर धरला जाणार नाही.

करारावर सह्या झाल्या त्याच दिवशी मी नवा हजेरीपट घेतला आणि पट्टी ठेवून तिसरा रकाना आखला. वर लिहिलं, 'कामावर जखमी.' मग जुना पट काढून महादेवचे सगळे 'गै' एकेक करून लाल शाईनं खोडले आणि ते दिवस नव्या रकान्यात उतरवले. मान वर केली तर मिस्त्री खिडकीत उभे. त्यांनी पट स्वतःकडे फिरवून घेतला. त्या रेघेवरून वरपासून खालपर्यंत अंगठा फिरवला. महादेवचं नाव शोधलं, दिवस मोजले. मी पेन धरून थांबलो होतो, काय म्हणतात ते ऐकायला.

मिस्त्री काहीच बोलले नाहीत. पट माझ्याकडे सरकवला, घमेलं उचललं आणि साच्याकडे गेले.